मुंबई पायी पाहायची असेल, तर बूट-चपला कशा निवडाव्यात

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचं अंतर नकाशावर जेमतेम अडीच किलोमीटर दिसतं. एवढं काय, कोणीही चालेल, असं वाटतं. पण ही वाट सरळ कोणी चालत नाही. टर्मिनससमोरचा भुयारी मार्ग उतरायचा नि चढायचा, दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून रेंगाळत हुतात्मा चौकात यायचं, वाट वाकडी करून टाऊन हॉलच्या पायऱ्या चढायच्या, काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत डोकवायचं, शेजारच्या वस्तुसंग्रहालयात दोन-तीन तास काढायचे आणि मग कुलाब्याच्या गर्दीतून गेटवे गाठायचा. संध्याकाळी तळवे पेटलेले असतात. चालण्याने पाय जितके दमतात, तितकेच कडक फरशीवर उभं राहून दमतात.

त्यामुळे मुंबईसाठी पायताण निवडताना अंतराचा हिशेब दुय्यम आहे. कुठल्या जमिनीवर चालायचं आहे आणि कुठल्या महिन्यात, हे आधी ठरवावं. हे ठरलं की आरामदायक आणि देखणं यांतलं भांडण बरंचसं मिटतं, कारण मग दुकानातल्या शंभर जोड्यांपैकी पाच-सातच आपल्या कामाच्या उरतात आणि त्यांतून सुंदर निवडणं सोपं जातं.

आधी वाट ठरवा

फोर्टची जमीन दिसायला सपाट, पण पायाला सतत बदलती लागते. कमानींखाली जुनी दगडी फरशी, दुकानांच्या उंबऱ्यांपाशी वापरून गुळगुळीत झालेली. चार पावलं पुढे पेव्हर ब्लॉक, त्यातले काही वर आलेले, काही खचलेले. मध्येच गटाराचं लोखंडी झाकण. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात बारीक टाच अडकते आणि पातळ तळाच्या चपलेतून प्रत्येक कड तळव्याला टोचते. इथे तळ निदान दीड-दोन सेंटिमीटर जाड आणि टाच रुंद हवी. शिवाय या भागात मान वर करून बघण्यासारखं फार आहे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. हा सगळा वास्तुसमूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. नजर वर असताना पाऊल कुठे पडतंय याकडे लक्ष राहत नाही, म्हणून पायाला धरून राहणारा बूट किंवा मागे पट्टा असलेलं सँडलच घालावं.

मरीन ड्राइव्ह त्या मानाने सोपा. साडेतीन किलोमीटरच्या आसपास सलग, सपाट, रुंद पदपथ. तिथे बहुतेक कुठलंही बरं पायताण चालतं.

गिरगाव, खोताची वाडी, वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव या वाटेवर प्रश्न दगडी पायऱ्यांचा आहे. बाणगंगेच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने झिजल्या आहेत, पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि आजूबाजूला देवळं असल्यामुळे चपला वारंवार काढाव्या लागतात. लांब नाड्यांचे, घोट्यापर्यंतचे बूट इथे वैताग आणतात.

महात्मा फुले मंडई, मुंबादेवी, चोर बाजार हा पट्टा गर्दीचा. हातगाडीचं चाक, डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाचं घाईचं पाऊल, सगळं आपल्या बोटांवर येतं. इथे बोटं झाकलेली हवीत. ससून डॉकला किंवा एखाद्या कोळीवाड्यात सकाळचा मासळीचा लिलाव बघायला जायचं असेल, तर जमिनीवर बर्फाचं पाणी, खवलं आणि चिकटा असतो. तिथे कापडी किंवा स्वेडचा बूट नेणं म्हणजे तो वाया घालवणं. नळाखाली धुता येईल असं रबरी किंवा सिंथेटिक, खोल नक्षीच्या तळाचंच काहीतरी घालावं.

घारापुरीला बोटीतून उतरल्यावर लेण्यांपर्यंत साधारण १२० पायऱ्या आहेत. कान्हेरीला शंभरावर लेणी असून एका लेण्यातून दुसऱ्यात जायला कातळातच खोदलेल्या पायऱ्या आहेत. या दोन्ही ठिकाणी पकड पहिली, बाकी सगळं नंतर. दोन्ही लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

आणि लोकल. दिवसभरात एकदा तरी लोकलने जायचं असेल, तर पायातून सहज निसटणारी चप्पल घालू नये. चढता-उतरताना मागच्याचा पाय चपलेच्या टाचेवर पडतो आणि चप्पल फलाट व डब्याच्या मधल्या फटीत जाते. अनोळखी स्टेशनावर, पुढचा अख्खा दिवस शिल्लक असताना, अनवाणी उभं राहण्याची वेळ आलेली माणसं मुंबईत नवी नाहीत. मागचा पट्टा किंवा नाडी एवढ्यासाठी लागते.

मग महिना बघा

जून ते सप्टेंबरात मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या काळात पायताण कोरडं ठेवण्याचा हट्ट सोडावा. लवकर वाळेल असं घ्यावं. ‘वॉटरप्रूफ’ बूट शहरातल्या पावसात फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण पाणी वरून, घोट्याकडूनच आत शिरतं आणि मग आतच राहतं. रबरी तळाचं, सिंथेटिक पट्ट्यांचं, मागे बांधायचं सँडल हा पावसाळ्याचा सगळ्यांत शहाणा पर्याय. पट्ट्यांच्या आत मऊ अस्तर आहे का, ते बोट फिरवून बघा. ओल्या त्वचेवर कडक कड तासाभरात सालपट काढते.

मार्च ते मे महिन्यांत घाम हा शत्रू. वरचा भाग जाळीचा किंवा कॅनव्हासचा असू द्या आणि आतलं अस्तर प्लास्टिकचं नको. या दिवसांत पाय दुपारनंतर चांगलेच फुगतात, त्यामुळे सकाळी नेमका बसणारा बूट चार वाजता आवळायला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालायचे खरे महिने. चामड्याचे लोफर, कोल्हापुरी, हलके स्नीकर, सगळं याच काळात मिरवून घ्यावं.

पाऊल मोजा, दोन्ही

दुकानात “सात नंबर द्या” म्हणण्याआधी घरी दहा मिनिटं काढा. वेळ संध्याकाळची, कारण तेव्हा पाऊल दिवसातलं सर्वांत मोठं असतं. भिंतीला लावून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. पुष्कळांचं अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असतं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खुणा करा. वाकून स्वतः खूण केली की भार सरकतो, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा. दोन्ही पावलांत थोडा फरक निघणारच. बूट नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा. लहान पायात सुकतळा घालून भागतं.

आपल्याकडचे नंबर बहुधा यूके पद्धतीचे असतात. त्यात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा, तर युरोपी पद्धतीत पावणेसात मिलिमीटरच्या आसपासचा. अमेरिकी नंबर यूकेपेक्षा मोठा येतो. या गोंधळात न पडता बुटाच्या जिभेच्या आत चिकटवलेली पट्टी बघा. बऱ्याच कंपन्या त्यावर सेंटिमीटरमधलं मापही छापतात. तो आकडा तुमच्या कागदावरच्या लांबीशी ताडून पाहा. ऑनलाइन मागवताना तर हाच एक भरवशाचा आधार.

तळपाय ओला करून कोरड्या फरशीवर एकदा उभे राहा. उमटलेल्या ठशात मधली कमान अजिबात रिकामी दिसली नाही, तर पाय सपाट आहे. तुम्हाला मधल्या भागाला आधार देणारा, सहज न पिळला जाणारा बूट लागेल. ठशात टाच आणि चवडा यांच्या मधे बारीकशी रेघच उमटली, तर कमान उंच आहे. मग मऊ, दाब झेलणारा तळ बघा.

दुकानात काय तपासायचं

इथे घाई करू नका. जोडी पायात घालण्याआधी हातात घ्या. एका हाताने टोक, दुसऱ्याने टाच धरून वाकवा. बूट चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, जिथे आपलं पाऊल वाकतं. बरोबर मधे घडी पडत असेल, तर दिवसभर चालून तळव्याच्या शिरा दुखणार. मग ओलं फडकं पिळावं तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, पण पीळ सहज बसू नये. टाचेच्या मागचा भाग अंगठ्याने दाबा. तो कडक असायला हवा. तिथे मऊपणा असेल तर पायऱ्या उतरताना टाच आत डुगडुगते आणि तिथेच फोड येतो.

नंतर सुकतळा बाहेर काढा. बहुतेक स्नीकरमध्ये तो निघतो. तो जमिनीवर ठेवून त्यावर मोज्यासकट उभे राहा आणि खाली बघा. करंगळी किंवा अंगठ्याचं हाड सुकतळ्याच्या कडेबाहेर गेलं असेल, तर त्या बुटात तुमचा चवडा दिवसभर चेंगरणार. पुढे सर्वांत लांब बोट आणि कड यांच्यात अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे एक सेंटिमीटरच्या थोडी वर जागा राहिली पाहिजे. चपला घालून आणि अनवाणी वाढलेल्या आपल्यासारख्यांचा चवडा अनेकदा पसरट असतो, आणि निमुळत्या टोकाचे बूट त्या पावलाचा विचार करून बनवलेले नसतात. ही एक तपासणी केली तरी अर्ध्याअधिक चुकीच्या जोड्या तिथल्या तिथे बाद होतात, म्हणून मी तिच्यावर इतका भर देते.

घालून बघताना दोन्ही पायांत घाला, जे मोजे वापरणार तेच घालून. गालिच्यावर न चालता दुकानाच्या फरशीवर चाला. पायरी असेल तर दोन-चार वेळा उतरा. उतरताना बोटं पुढे आपटली, तर घारापुरीहून परतताना नखं काळी होतील.

इथेच विक्रेता म्हणतो, “ताई, आता आवळ वाटतंय, पण चार दिवसांत सैल होईल.” त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. चामडं रुंदीला सैल पडतं, लांबीला कधीच नाही. रेक्झिन तर सैल पडतच नाही, ते घडीवर तडकतं. तेव्हा नम्रपणे पण ठामपणे म्हणावं, “दादा, यातच रुंद चवड्याचा आहे का?” रुंद जोडी नसेल तर दुसरं दुकान बघा. नुसता नंबर वाढवून रुंदी मिळवली, तर टाच निसटायला लागते.

तळ कशाचा आहे

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तळांत मोठा फरक असतो. ईव्हीए म्हणजे फेसासारखा हलका पदार्थ. पायाला मऊ, पण वापराने दबत जातो. खालून रबराची थर असलेला ईव्हीए तळ शहरात चालायला उत्तम. पीयू (पॉलियुरेथेन) त्याहून जड आणि टिकाऊ, पण दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की तो आतून कुजतो. कपाटात जपून ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट काढला आणि तासाभरात तळाचे तुकडे पडायला लागले, असं मुंबईत होतं ते यामुळे. म्हणून सेलमधली जुन्या मालाची जोडी घेताना तळाच्या कडेला नख लावून बघा. भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर घेऊ नका. आणि घरातली जुनी जोडी प्रवासाला नेण्याआधी दोन-तीन दिवस वापरून बघा.

पीव्हीसीचा चकचकीत, कडक तळ फरशीवर टकटक वाजतो आणि ओल्या लादीवर घसरतो. चामड्याचा गुळगुळीत तळ कोरड्यात छान, ओल्यात धोक्याचा. चांगलं रबर नखाने दाबलं तर किंचित दबतं आणि सोडल्यावर परत वर येतं. तळावरच्या नक्षीत खोल आडव्या खाचा असाव्यात, म्हणजे पाणी बाजूला निघून जातं.

उंचीबद्दल. अगदी सपाट, पातळ चप्पल आरामदायक असते हा समज सोडून द्या. तिच्यात टाचेला प्रत्येक धक्का थेट बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाच कळवळते. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच बहुतेकांना मानवते. त्याहून उंची हवीच असेल तर पुढूनही तितकाच जाड असलेला प्लॅटफॉर्म घ्या, म्हणजे सगळा भार चवड्यावर येणार नाही. मात्र प्लॅटफॉर्मवरून पाय मुरगळायचा धोका असतो, त्यामुळे फोर्टच्या पेव्हर ब्लॉकवर तोही नको.

देखणं कसं दिसायचं

फोटो काढायचे असतात, दिवसाच्या शेवटी कुठेतरी जेवायला जायचं असतं, नातेवाइकांकडे डोकवायचं असतं. तेव्हा देखणेपणाची इच्छा अगदी रास्त आहे, तिला मोडता घालायची गरज नाही. भडक पट्ट्यांचे व्यायामाचे बूट कुर्त्यावर किंवा साडीवर विजोड दिसतात, हेही खरं. उपाय असा की आतून चालायचा बूट आणि बाहेरून साधा, एकरंगी घ्यावा. टॅन, गडद तपकिरी, नेव्ही, ऑलिव्ह किंवा राखाडी रंगाचा, मोठ्या लोगोशिवायचा, कमी उंचीचा स्नीकर जीन्स, कॉटन पँट, कुर्ता-लेगिंग, अगदी हातमागाच्या साडीवरही शोभतो. पांढरे स्नीकर सुंदर दिसतात, पण ते हिवाळ्यासाठी ठेवा. पावसाळ्यातल्या चिखलाचा डाग कापडावरून पूर्णपणे जात नाही.

साडी किंवा लांब स्कर्ट असेल तर पुढून बंद, वरून पट्टा असलेले मेरी जेन पद्धतीचे बूट मला सर्वांत आवडतात. पायाला धरून राहतात, काढायला-घालायला सोपे, आणि निऱ्यांखाली नेटके दिसतात. साडी नेसताना हेच बूट पायात असू द्या, म्हणजे काठ योग्य उंचीवर बसेल आणि लोकलच्या पायरीवर पायात येणार नाही. पुरुषांसाठी रबरी तळाचे मऊ लोफर किंवा वरून डर्बी (नाड्यांचा औपचारिक बूट) आणि खालून स्नीकर असे मिश्र बूट शर्ट-पँटवर छान जातात. लोफर घेताना टाच निसटत नाही ना, हे पायरीवर तपासा. पँटची घडी बुटावर गोळा झाली की चांगला बूटही गबाळा दिसतो. घोट्याशी संपणारी लांबी नीट दिसते आणि पावसात भिजतही नाही.

कोल्हापुरीचा विषय स्वतंत्र आहे, कारण पाहुण्यांना ती हवीच असते आणि देखणेपणात तिला तोड नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांतल्या कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल जोडी वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याची, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. ती पायाच्या आकाराची होते खरी, पण सवयीनंतर. सुरुवातीला अंगठ्याच्या वेढ्याशी आणि पट्ट्याच्या कडेला ती चावते. आठवडाभर रोज थोडं तेल पाजा, घरात घालून फिरा, मगच बाहेर काढा. दिवसभर चालायला घ्यायची तर गटई कामगाराकडून खाली रबराचा पातळ तळ लावून घ्या आणि मागे पट्टा असलेली घ्या. पावसात ती अजिबात नको. भिजलेलं चामडं फुगतं, आकार सोडतं आणि बुरशी धरतं. माझ्या मते कोल्हापुरी संध्याकाळच्या मरीन ड्राइव्हसाठी आणि जेवणासाठी, तर दिवसाच्या भटकंतीसाठी बूट, ही वाटणी योग्य.

कुठे घ्यायचे

वांद्र्याचा लिंकिंग रोड आणि कुलाबा कॉजवे इथे पदपथावर शेकडो नमुने मिळतात, भावात घासाघीस चालते आणि नव्या फॅशनचं सगळं आधी तिथे दिसतं. पण पदपथावरचा माल बहुधा कडक तळाचा, चिकटवलेल्या जोडाचा असतो. संध्याकाळपुरतं मिरवायला तिथून घ्या, दिवसभर चालायला नको. घ्यायचंच तर तळ आणि वरचा भाग यांच्या जोडावर अंगठ्याने जोर देऊन फट पडते का बघा.

चामड्याचे बूट-चपला हव्या असतील तर धारावीतली चामड्याची दुकानं बघावीत. कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणं बनवणारे अनेक छोटे कारखाने आहेत. शहरातल्या दुकानांत दिसणारा बराच माल अशाच हातांनी बनलेला असतो. तुमचा चवडा फार रुंद असेल किंवा दोन पावलांत मोठा फरक असेल, तर मापाने बनवून देणारा कारागीर शोधा. कागदावर काढलेला पावलाचा ठसा सोबत न्या. रोजच्या चालण्याच्या स्नीकरसाठी मात्र बदलून देणाऱ्या पक्क्या दुकानातून घेणं बरं. पावती सांभाळा आणि पहिले दोन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर वापरा, म्हणजे बदलायची वेळ आली तर तळ कोरा असेल.

नवे बूट रुळवणं

नव्या बुटाने थेट भटकंतीला निघू नये. आधी घरात तास-दोन तास, मग भाजी आणायला, मग एखाद दिवस कामावर, असं दोन आठवडे चालू द्या. या काळात जिथे लालसर होतं, तिथेच पुढे फोड येणार हे पक्कं समजा. केमिस्टकडे मिळणारी मायक्रोपोर टेप घराबाहेर पडण्याआधी, कोरड्या त्वचेवर त्या जागी लावा. फोड आल्यावर लावण्यापेक्षा आधी लावलेली टेप कितीतरी जास्त कामाची. बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला तर घर्षण कमी होतं.

जाड सुती मोजे मुंबईत चांगले नाहीत. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं, ओली त्वचा मऊ पडते आणि घासली की सोलवटते. खेळाडू वापरतात तसे पातळ सिंथेटिक मिश्रणाचे मोजे घ्या, बोटांवर जाड शिवण नसलेले. एक जादा जोडी पिशवीत ठेवा आणि दुपारी बदला. पाय अर्धा दिवस मागे गेल्यासारखे ताजे वाटतात.

टाच निसटत असेल तर बुटाच्या सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या जादा भोकाचा उपयोग करा. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात आतल्या दिशेने घालून छोटं वेटोळं करा, दोन्ही बाजूंची टोकं समोरच्या वेटोळ्यांतून ओवून घट्ट बांधा. टाच जागेवर बसते आणि चवड्यावर दाब येत नाही. पावलाच्या वरच्या हाडावर नाडी रुतत असेल तर त्या जागचा एक आडवा वेढा सोडून द्या.

देवळं, दर्गे आणि तापलेली फरशी

सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, बाणगंगेकाठची देवळं, सगळीकडे पायताण काढावं लागतं. अशा दिवशी वेल्क्रो किंवा बक्कलचं पायताण घाला. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावरचा दगड चटके देतो, म्हणून दर्शन सकाळी किंवा दिवस कलल्यावर. महागडी जोडी बाहेर मोकळी न ठेवता टोकन देणाऱ्या जागी ठेवा किंवा कापडी पिशवीत घालून जवळ बाळगा. हाजी अलीची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते आणि ओहोटीनंतरही ओली असते, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून निघा.

मधुमेह असेल, वय झालं असेल, तर

मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, त्यामुळे बूट चावतोय हे कळतच नाही. अशांनी रोज बुटात हात घालून खडा, शिवणीचा गाठोळा, सुकतळ्याची घडी आहे का तपासावं, संध्याकाळी तळवे उजेडात बघावेत आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी अजिबात चालू नये. एमसीआर या मऊ रबराचं पायताण खास अशा पायांसाठी मिळतं. डॉक्टरांना विचारून घ्यावं. आई-बाबांना किंवा आजीला मुंबई दाखवायची असेल तर त्यांच्यासाठी मागे पट्टा, पुढे वेल्क्रो, रुंद चवडा आणि रबरी तळ एवढं बघा. दर तासाला दहा मिनिटं बसायची जागाही आधी हेरून ठेवा. कितीही चांगला बूट असला तरी उभं राहण्याचा थकवा बसल्याशिवाय जात नाही.

पावसात साचलेलं पाणी

गुडघाभर पाण्यातून जावं लागलं आणि पायाला जखम, फोड किंवा भेग असेल, तर लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा धोका असतो. घरी पोहोचताच पाय साबणाने धुवा, कोरडे करा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक औषध लवकर घेण्यातच फायदा असतो. फोड आला असेल तर तो फोडू नका. फुटलाच तर धुऊन, जंतुनाशक लावून पट्टी बांधा आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर न घासणारं पायताण घाला. याचसाठी दोन दिवसांच्या भटकंतीला वेगवेगळ्या आकाराच्या दोन जोड्या हव्यात. एक जिथे दाबते, तिथे दुसरी दाबत नाही.

भिजलेले बूट वाळवताना सुकतळा वेगळा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं की डिंक सुटतो आणि चामडं तडकतं. पावसाळ्यात चामड्याची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका; कोरड्या फडक्याने पुसून, पॉलिश लावून, हवा लागेल अशा कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आणि महिन्यातून एकदा बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल, मधल्या थरावर सुरकुत्या पडल्या असतील किंवा तळाची नक्षी सपाट झाली असेल, तर वरून तो बूट कितीही चांगला दिसत असला तरी आता चालायच्या कामाचा नाही. सुरकुतलेल्या थराला दुरुस्ती नाही, पण फक्त टाच झिजली असेल तर स्टेशनबाहेरच्या गटई कामगाराकडून रबराची टाच बसवून घ्या. थोड्या पैशांत ती जोडी पुढचा हिवाळा काढते.